हरकतीचे पंधरा दिवस

तुळजापूरच्या बाबूराव जेवळीकरांनी तहसील कचेरीत तेहतीस वर्षं कारकुनी केली आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही नोंद चुकली नाही. ही बढाई नव्हे, त्यांना नावं ठेवणारेसुद्धा एवढं कबूल करायचे. नावं ठेवायचे ते त्यांच्या संथपणाला. कुणाच्या जमिनीवर कुणाचं नाव लागायचं असलं की आधी नोटीस निघायची, ती चावडीवर लागायची आणि मग बाबूराव पंधरा दिवस हातावर हात धरून बसायचे. हरकत आली नाही तरच नाव चढणार. मधेच एखादा शेतकरी काकुळतीला येऊन म्हणायचा, "सायेब, रान माझंच हाय, हरकत कोण घेतंय?" त्यावर बाबूराव चष्म्यावरून बघत विचारायचे, "तुमचंच आहे ना? मग पंधरा दिवसांत कुठं पळून जातंय?"

निवृत्त झाल्यावर नोटिसा संपल्या, स्वभाव तसाच राहिला. घरात नवा मिक्सर आला तरी त्याची पावती, हमीपत्र आणि दुकानदाराचा फोन नंबर एका पाकिटात घालून वर तारीख टाकल्याशिवाय त्याचं बटण दाबायची सोय नव्हती.

घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. वरच्या मजल्यावर चार खोल्या, त्यांत यात्रेकरू उतरायचे. खोल्यांना नाव नव्हतं, दारावर पाटी नव्हती. लोक यायचे ते बाबूरावांच्या बायकोकडं, नीलाबाईंकडं. "नीलाकाकूंचं घर कुठलं?" असं बसस्टँडवर विचारलं तरी रिक्षावाला दारात आणून सोडायचा. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या म्हाताऱ्याला तिखट चालत नाही, हे सगळं काकूंच्या डोक्यात. निघताना प्रत्येकाच्या हातात भाकरी आणि शेंगाच्या चटणीची पुरचुंडी. बाबूरावांकडं या माणसांच्या पत्त्यांची एक वही होती. तीनशे चाळीस घरं. अनुक्रमांक, नाव, गाव, आणि शेवटच्या रकान्यात यायचा हंगाम. कुणी नवरात्र, कुणी चैत्र, कुणी पौष.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा उत्कर्ष पुण्याची नोकरी सोडून घरी आला. बायको देवश्रीही आली. आपल्या शिलकीतून त्यानं आणखी चार खोल्या बांधल्या, आत न्हाणीघरं केली. बाबूरावांनी त्याला कधी 'ये' म्हटलं नव्हतं, आणि आल्यावर 'राहा' असंही म्हटलं नाही. असलं बोलायची त्या घरात पद्धतच नव्हती. पण संध्याकाळी उत्कर्षची मोटारसायकल बोळात वळली की ते पेपर खाली ठेवायचे आणि ती बंद झाली की परत उचलायचे. नीलाबाईंनी हे केव्हाच हेरलं होतं.

आठ खोल्या नुसत्या ओळखीवर भरेनात. जुनी माणसं थकली, त्यांची पोरं फोनवर बघून येणारी. पुण्याच्या कंपनीनं उत्कर्षला परत विचारलं होतं आणि तो दसऱ्यापर्यंत कळवतो म्हणाला होता. नवरात्रात खोल्या भरल्या तर इथंच राहायचं, नाहीतर परत पुणं. हे तो सगळ्यांसमोर जेवताना बोलला होता. बाबूरावांनी तेवढ्यापुरता घास चावायचा थांबवला आणि मग ताक मागितलं.

तेव्हा वेबसाइट काढायची ठरली. उत्कर्षचा कॉलेजातला दोस्त रिजवान, येडशीचा. तुळजापुरात स्टँडसमोर त्याचं ऑनलाइन कामांचं सेंटर होतं. भाद्रपदातल्या एका दुपारी तो लॅपटॉप घेऊन घरी आला आणि म्हणाला, "काका, आधी नाव ठरवा. वेबसाइट नंतर बदलता येती, नाव बदललं की माणसं हरवत्यात."

बाबूरावांनी नाव ठरवूनच ठेवलं होतं. खिशातून चिठ्ठी काढून त्यांनी वाचलं, "श्री तुळजाभवानी कृपाप्रसाद जेवळीकर यात्रीनिवास, जुने."

"जुने कशाला?" देवश्रीनं विचारलं.

"उद्या नवीन कुणी काढलं तर?"

रिजवाननं चिठ्ठी हातात घेतली, अदबीनं दोनदा वाचली. "काका, हे टाइप करंपर्यंत यात्रेकरू दर्शन करून माघारी घरला पोचंल. नाव कसं पायजे, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पायजे. लहान, आणि आपलंच वाटणारं."

अंबाछाया झालं, भवानीसदन झालं. जे नाव घालावं ते आधीच कुणीतरी घेतलेलं. शेवटी देवश्री म्हणाली, "लोक येतात कुणाकडं? नीलाकाकूंकडं. मग तेच नाव घाला की."

रिजवाननं टाइप केलं. नीलाकाकू डॉट कॉम. नाव मोकळं होतं. डॉट इनसुद्धा मोकळं.

"माझं नाव हाय, मला कुणी इचारलं का?" नीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, पण आवाजात लाज आणि कौतुक दोन्ही होतं. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, त्यांच्या नावाची साधी पाटीसुद्धा कुणी लावली नव्हती.

"घेऊन टाकू?" रिजवान म्हणाला. "पाच मिनिटांचं काम हाय. कार्ड द्या, फोनवर ओटीपी येईल, झालं."

उत्कर्षनं पाकीट काढलं. बाबूरावांनी हात वर केला.

"आज पौर्णिमा. उद्यापासून पितृपक्ष. त्यात अष्टमीला देवी निजणार."

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, तुळजापुरात नाही. नवरात्राच्या आधी देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. ती उठते थेट घटस्थापनेला. ती निजलेली असताना जेवळीकरांच्या घरात कधी कुणी नवं काम काढलं नव्हतं, कुणी नवं धोतरसुद्धा नेसलं नव्हतं.

"बाबा, आजच घेऊ," उत्कर्ष म्हणाला. "आज तर पितृपक्ष नाही ना?"

"आज हरकती कुठं मागवल्यात?"

आधी कुणाला कळलंच नाही. मग बाबूरावांनी समजावून सांगितलं. नाव म्हणजे हक्क. काकू काय एकट्या जेवळीकरांच्या आहेत? गल्लीत आणखी कुणाची नीला असेल, कुणाला वाटेल हे नाव आमचं. उद्या भांडणं नकोत. पंधरा दिवसांची नोटीस लावायची, हरकत नाही आली की घटस्थापनेच्या सकाळी, देवी सिंहासनावर बसल्यावर, नाव घ्यायचं. पितृपक्षाचे पंधरा आणि नोटिशीचे पंधरा, दोन्ही बरोब्बर जुळतात. हे जुळणं त्यांना फार आवडलेलं दिसत होतं.

रिजवान उत्कर्षकडं बघायला लागला. उत्कर्षनं पाकीट खिशात ठेवलं. बापाशी वाद घालून जिंकलेला मुलगा त्या घरात अजून जन्मायचा होता, आणि शिवाय नाव आईचं होतं.

"काका, तिकडं नोटीस-बिटीस कुणी बघत न्हाई," रिजवान उठताना म्हणाला. "जो आधी घेईल त्याचं."

"आपलंच नाव आहे रे," बाबूराव म्हणाले. "पंधरा दिवसांत कुठं पळून जातंय?"

दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन त्यांनी चिंतामणीवर हात ठेवले. तो गोल दगड उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. हे नाव घ्यावं का, असं त्यांनी मनात विचारलं. दगड सावकाश उजवीकडं फिरला. कधी घ्यावं, हे मात्र त्यांनी त्याला विचारलं नाही.

मग नोटीस लिहिली. अक्षर मोत्यासारखं. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, खाली नमूद केलेले नाव संकेतस्थळासाठी घेण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावे. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही.' खाली नाव इंग्रजी अक्षरांत, डॉटसकट. एक प्रत दारावर, एक गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर, एक दफ्तरी. लोक थांबून वाचायचे, काही जण मोबाइलवर फोटो काढायचे. बाबूरावांना वाटायचं, लोकांना अजून रीतीची कदर आहे.

रिकामं बसायची त्यांना सवय नव्हती. दुपारी पोस्टकार्डं घेऊन ते वहीतल्या पत्त्यांवर लिहायला बसू लागले. पत्र लिहिणं हे काही नवं काम नव्हे, तो नुसता पत्रव्यवहार. 'आमचे येथील खोल्यांची नोंदणी यापुढे खालील पत्त्यावर मोबाइलवरून करता येईल.' आणि खाली तेच नाव. रोज पंचवीस-तीस कार्डं. आळंद, बिदर, निजामाबाद, यवतमाळ. तीनशे चाळीस कार्डं तेराव्या दिवशी त्यांनी स्वतः पोस्टात नेऊन टाकली. नवरात्राच्या आत पोचायला हवीत, हा हिशोब बरोबर होता.

हरकत एकही आली नाही.

घटस्थापनेच्या सकाळी देवी सिंहासनावर बसली. बाबूराव सोवळं सोडून, धुतलेला सदरा घालून उत्कर्षबरोबर रिजवानच्या सेंटरवर गेले. सोबत पेढ्याचा पुडा, आणि नोटिशीची प्रत लावलेली फाइल. रिजवाननं नाव टाइप केलं. मग परत टाइप केलं. मग डॉट इन करून बघितलं. उत्कर्षनं मान वाकवून पडद्यावर बघितलं.

"गेलं," उत्कर्ष म्हणाला.

"कुठं गेलं?"

"कुणीतरी घेतलं, काका. दोन्ही घेतली." रिजवानचा आवाज बारीक झाला होता. "अकरा दिवस झाले."

बाबूरावांनी फाइल उघडली. अकरा दिवस म्हणजे नोटीस लागल्याचा चौथा दिवस. "पण मुदत संपायची होती," ते म्हणाले. पेढ्याचा पुडा टेबलावर तसाच राहिला.

नाव उघडलं की एका मोठ्या लॉजचं पान यायचं. नळदुर्गच्या रस्त्याला नवीन झालेलं, चार मजली. वर लिहिलेलं, 'नीलाकाकूंच्या घरासारखी माया.' बाबूराव रिक्षा करून तिथं गेले. मॅनेजर व्यंकट म्हणून होता, उमरग्याकडचा, चांगला माणूस. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

"काका, आमी घेतलं न्हाई. बुकिंगचं सगळं हैदराबादचा एक एजंट बगतो. त्यानं कुठनं घेतलं, आमाला काय ठावं? मालक बी त्याला एकदाच भेटलेत."

"पण नाव आमचं आहे. माझ्या बायकोचं आहे."

"तुमची नोटीस वाचलीया की म्या," व्यंकट म्हणाला. "तिचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. अक्षर लई चांगलं हाय तुमचं." त्यानं हे मनापासून सांगितलं, टर उडवायला नाही, आणि तेच जास्त लागलं.

एजंटाच्या नंबरावर एक बाई एकच वाक्य परत परत म्हणायची. बाबूरावांनी तिलाही दोन वेळा "मॅडम, ऐका" म्हणून बघितलं.

मग त्यांनी आयुष्यभर जे केलं ते केलं. अर्ज लिहिला. लिहून झाल्यावर वर कुणाचं नाव घालायचं ते कळेना. पोलीस ठाण्यात एका हवालदारानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोरी नेमकी कशाची झाली म्हणता?" तहसीलमध्ये त्यांच्याच हाताखाली शिकलेला कारकून म्हणाला, "भाऊसाहेब, हे आपल्या अखत्यारीत येत न्हाई." रिजवान म्हणाला, तक्रार करता येते, पण नाव आपलं असल्याचा कागद लागतो, आणि वकील, आणि महिनेच्या महिने. कागद म्हटल्यावर बाबूरावांना जरा धीर आला. त्यांनी कपाट उपसलं. रेशनकार्डावर, मतदार यादीवर, बँकेच्या पासबुकावर, सगळीकडं 'नीलावती बाबूराव जेवळीकर'. काकू हा शब्द एकाही कागदावर नव्हता. दुसऱ्याच्या जमिनींना जन्मभर नावं लावली आणि स्वतःच्या दाराला चाळीस वर्षांत साधी पाटी लावली नाही. पासबुक पुसून त्यांनी परत कपाटात ठेवलं. या माणसाला खिडकी लागायची, खिडकीमागं माणूस लागायचा. इथं खिडकीच नव्हती.

उत्कर्षनं त्याच दिवशी दुसरं नाव घेतलं, जेवळीकर निवास असं काहीतरी. वडिलांना एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं बाबूरावांना वाटायचं. पण नवं नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि जुनं तर तीनशे चाळीस घरांत पोस्टानं पोचलं होतं.

पहिल्या माळेला आठांतल्या तीन खोल्या भरल्या. तिसऱ्या माळेला दोन. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती आणि देवश्री रोज सकाळी रिकाम्या खोल्यांतल्या गाद्यांवरच्या न मोडलेल्या चादरी उगाच झटकून परत घालत होती.

सातव्या माळेला दुपारी आळंदचे शिवलिंगप्पा दारात उभे राहिले. पंचाहत्तरी उलटलेले, तीस वर्षांपासूनचे. एकटेच आले, हातात काठी.

"काकू हाईत का घरात?" त्यांनी विचारलं. "म्या तिकडं मोठ्या लॉजात काकू काकू करून हाका मारल्या. तिथली पोरं हसाय लागली."

नीलाबाई बाहेर आल्या. शिवलिंगप्पा पायरीवरच बसले. नातवानं फोनवर पैसे भरून तिकडं तीन दिवसांची खोली घेतली होती. पैसे परत मिळत नव्हते, त्यामुळं उठून इकडं येता येत नव्हतं. "तिथं समदं हाय," ते म्हणाले, "लिफ्ट बी हाय. पर भाकर मागितली तर म्हणत्यात, मेनूत न्हाई."

"पण तिकडं गेलात कशाला आप्पा?" नीलाबाईंनी विचारलं. "घर इसरलात व्हय?"

"आमी कशाला जातोय?" शिवलिंगप्पांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून जपून ठेवलेलं पोस्टकार्ड काढलं आणि बाबूरावांपुढं धरलं. "तुमीच धाडलं की हे. अक्षर तुमचंच न्हवं?"

बाबूरावांनी कार्ड हातात घेतलं. अक्षर त्यांचंच होतं. एकही खाडाखोड नव्हती. "माझंच आहे," ते म्हणाले. जिन्यात उत्कर्ष उभा होता. त्यानं ऐकलं आणि तो वर निघून गेला.

शिवलिंगप्पा दोन भाकरी खाऊन, पुरचुंडी घेऊन, काठी टेकत परत त्या लॉजकडं गेले. दुसऱ्या दिवसापासून बाबूराव बसस्टँडच्या बाहेर उभे राहू लागले, ओळखीचं कुणी उतरलं तर सांगावं म्हणून. गर्दीत कुणी दिसायचं, कुणी नाही. दिसलेले म्हणायचे, आता पैसे भरलेत भाऊसाहेब, पुढच्या साली येतो. एका रिक्षावाल्यानं तर त्यांना ओळखलंही नाही. "काका, नीलाकाकू लॉज? बसा, सोडतो," असं म्हणून त्यानं त्यांच्या हातातली पिशवी धरली.

दसऱ्याला सोनं वाटून झालं. देवी पुन्हा निजली, ती आता कोजागरीला उठणार. जेवताना उत्कर्ष म्हणाला, "कंपनीला होकार कळवलाय. बुधवारी हजर व्हायचंय."

नीलाबाईंनी वाढता वाढता नवऱ्याकडं बघितलं. बुधवारी देवी निजलेलीच असणार होती. निजल्या देवीच्या दिवसांत या घरात नवं काम नाही, हा नियम बाबूरावांनीच महिनाभरापूर्वी सगळ्यांच्या डोक्यावर मारला होता. आता म्हटलं असतं, तर चार दिवस तरी पोरगा थांबला असता. बाबूरावांच्या ओठांवर ते वाक्य आलंसुद्धा. पण त्याच वाक्यानं पोराच्या दोन वर्षांची माती केली होती. ते परत कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"बाबा," उत्कर्षनं विचारलं, "तुमची काही हरकत?"

टोमणा नव्हता. घरात विचारायची तीच रीत होती, आणि ती त्यांनीच घालून दिलेली. देवश्री ताटाकडं बघत होती.

"नाही," बाबूराव म्हणाले.

बुधवारची हजेरी म्हणून मंगळवारी सकाळीच मोटारसायकल टेम्पोत चढली, चार पेट्या चढल्या. निघताना उत्कर्षनं एका कागदावर पुण्याच्या नव्या खोलीचा पत्ता लिहून वडिलांच्या हातात दिला आणि पाया पडला. नीलाबाईंनी देवश्रीच्या हातात पुरचुंडी दिली, भाकरी आणि शेंगाची चटणी. ती देताना त्यांचा हात क्षणभर थांबला, कारण अशी पुरचुंडी त्या घरात फक्त यात्रेकरूंना मिळायची.

टेम्पो बोळातून वळला. बाबूराव आत आले. गेले दोन दिवस ते पोस्टकार्डं लिहीत होते, 'पूर्वीचे पत्र रद्द समजावे', आणि शंभराच्या पुढं पोचले होते. ती त्यांनी बाजूला सारली आणि पत्त्यांची वही उघडली. मोठ्यात मोठी गोष्टसुद्धा नोंद केल्याशिवाय त्यांना खरी वाटत नसे. तीनशे चाळिसाच्या खाली त्यांनी लिहिलं, तीनशे एकेचाळीस. उत्कर्ष बाबूराव जेवळीकर. राहणार पुणे. शेवटच्या रकान्याशी येऊन पेन थांबलं.

"अगं," त्यांनी हाक मारली, "हंगाम काय लिहू?"

नीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वहीत काय चाललंय ते त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"दिवाळी लिहा," त्या म्हणाल्या.

बाबूरावांनी दिवाळी लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत वही तशीच उघडी ठेवली.